बेसबॉलचे पहिले हिवाळे: करार, पळवापळवी आणि राखीव यादी (१८६९ ते १८९१)

मधली_यष्टी (धागाकर्ता)

बेसबॉल खेळला जातो उन्हाळ्यात, पण व्यावसायिक बेसबॉलचा सुरुवातीचा इतिहास बराचसा नोव्हेंबर ते मार्चमध्ये घडला. क्लब मोडले ते हिवाळ्यात आणि लीग निघाल्या त्याही हिवाळ्यात. कुणीतरी पळवाट काढून खेळाडू उचलायचा, मग पुढच्या बैठकीत ती पळवाट बुजवायचा ठराव यायचा. या धाग्यात तेच बघू. सामन्यांचे निकाल गरजेपुरतेच.

सुरुवात सिनसिनाटीपासून. डिसेंबर १८६८ मध्ये हौशी क्लबांच्या राष्ट्रीय संघटनेने पुढच्या मोसमापासून पैसे घेऊन खेळणाऱ्यांचा वेगळा वर्ग मान्य केला. पैसे आधीही मिळत होते, पण टेबलाखालून. सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्जने १८६९ साली सगळा संघच उघडपणे पगारी केला. करार १५ मार्च ते १५ नोव्हेंबर. कप्तान आणि सेंटर फील्डर हॅरी राइट १२०० डॉलर, त्याचा धाकटा भाऊ शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसमधला फील्डर) जॉर्ज राइट १४००, पिचर (बॉल टाकणारा) एसा ब्रेनर्ड ११००, थर्ड बेसवरचा फ्रेड वॉटरमन १०००. गूल्ड, स्वीझी, लेनर्ड, मॅकव्हे आणि कॅचर ॲलिसन या पाच जणांना प्रत्येकी ८००. बदली खेळाडू डिक हर्लीला ६००. एकूण ९३०० डॉलर. यातला मूळचा सिनसिनाटीचा एकटा गूल्ड, बाकी सगळे बाहेरून आणलेले.

क्रिकेटवाल्यांसाठी: हॅरी राइटचा जन्म इंग्लंडमधल्या शेफील्डचा, वडील क्रिकेटचे व्यावसायिक खेळाडू, आणि सिनसिनाटीत हॅरीला पहिल्यांदा बोलावलं तेही क्रिकेट क्लबाने.

१४ जून १८७० ला ब्रुकलिनच्या अटलांटिक्सने त्यांना ११ इनिंगमध्ये ८-७ असं हरवलं आणि १८६९ पासूनची अपराजित मालिका संपली. पुढे गर्दी आटली, आणि नोव्हेंबरमध्ये क्लबाने जाहीर केलं की १८७१ साठी पगारी खेळाडू नकोत. संघ दोन तुकड्यांत फुटला. दोन्ही राइट, गूल्ड आणि मॅकव्हे बॉस्टनला गेले. ब्रेनर्ड, ॲलिसन, स्वीझी, लेनर्ड, वॉटरमन वॉशिंग्टनच्या ऑलिम्पिक्समध्ये. हॅरीने बॉस्टनला जाताना रेड स्टॉकिंग्ज हे नावही बरोबर नेलं, शिवाय इलिनॉयमधल्या रॉकफर्ड क्लबातून पिचर अल स्पॉल्डिंग, सेकंड बेसचा रॉस बार्न्स आणि फ्रेड कोन उचलले. हा पहिला मोठा हिवाळी बाजार.

रविवार_दुपार

१८६९ चा हिशेब कुठे ५७-० दिसतो, कुठे ५६ विजय आणि एक बरोबरी. बरोबर कुठला?

हिशेबनीस

दोन्ही एकाच सामन्यामुळे. ऑगस्ट १८६९ मध्ये ट्रॉयच्या हेमेकर्सविरुद्ध १७-१७ असताना ट्रॉयवाले अंपायरशी वाद काढून मैदान सोडून गेले. अंपायरने सामना सिनसिनाटीला दिला. तो विजय धरला तर ५७, बरोबरी धरली तर ५६ आणि एक. बाजी लावणाऱ्यांचे पैसे वाचवायला हा वाद मुद्दाम काढला, हा संशय तेव्हापासूनचा आहे.

जुनी_जत्रा

पुढे जाण्याआधी नावांचा गुंता सोडवून घ्या, नाहीतर जुन्या याद्या वाचताना निम्म्या हालचाली चुकीच्या क्लबाच्या खात्यात पडतात.

बॉस्टन रेड स्टॉकिंग्ज (१८७१) म्हणजे आजचा अटलांटा ब्रेव्ह्ज. बॉस्टन रेड सॉक्स नव्हे, तो क्लब १९०१ चा. शिकागो व्हाइट स्टॉकिंग्ज म्हणजे आजचा शिकागो कब्ज, व्हाइट सॉक्सशी संबंध नाही. सिनसिनाटी तर तीनदा येतं: १८६९ चा संघ, १८७६ ते १८८० चा नॅशनल लीगवाला क्लब, आणि १८८२ साली निघालेला, जो आजचा रेड्स. फिलाडेल्फिया ॲथलेटिक्स या नावाचे तर एकामागून एक वेगवेगळे क्लब झाले. सेंट लुईचा १८७५ ते ७७ चा ब्राउन स्टॉकिंग्ज वेगळा. १८८२ चा ब्राउन्स म्हणजे आजचा कार्डिनल्स.

नियम सोपा: नावाशेजारी वर्ष आणि लीग लिहिल्याशिवाय नोंद घेऊ नका.

मधली_यष्टी

जुनी_जत्रा, हे धाग्याच्या वरच हवं होतं.

पुढचा टप्पा १७ मार्च १८७१, न्यूयॉर्क. व्यावसायिक खेळाडूंची नॅशनल असोसिएशन स्थापन झाली. प्रवेश फी १० डॉलर, आणि सगळ्या दुखण्याचं मूळ तिथेच. दहा डॉलर भरले की कुठल्याही गावाचा क्लब अजिंक्यपदाचा दावेदार. वेळापत्रक लीग बनवत नसे, क्लबांचे सचिव पत्रं लिहून आपापसात तारखा ठरवत. तोटा दिसला की लांबचा दौरा रद्द, त्याला शिक्षा नाही. १८७५ मध्ये १३ क्लब उतरले. बॉस्टन ७१-८, ब्रुकलिन अटलांटिक्स २-४२, आणि आयोवातल्या किओककचा क्लब १३ सामने खेळून बंद. याच गोंधळामुळे १९६९ च्या नोंदी समितीने या असोसिएशनला मेजर लीग (सर्वोच्च दर्जाची लीग) मानलं नाही. म्हणून कारकिर्दीच्या आकड्यांत १८७१-७५ धरलेत की नाही, हे आधी बघावं लागतं.

रविवार_दुपार

असोसिएशनचा पहिला सामना कोणता?

हिशेबनीस

४ मे १८७१, फोर्ट वेन. तिथल्या किकिओंगा क्लबाने क्लीव्हलँडला २-० हरवलं, पिचर बॉबी मॅथ्यूज. त्या काळात दोन्हीकडून वीस-वीस रन व्हायचे, त्यात २-० म्हणजे नवलच. पहिला हिट क्लीव्हलँडच्या डिकन व्हाइटचा, डबल. हे नाव लक्षात ठेवा. पुढची वीस वर्षं जवळजवळ प्रत्येक हिवाळी भानगडीत हा माणूस सापडतो.

शॉर्टस्टॉप_सोलापूर

आता डेव्ही फोर्स प्रकरण. नॅशनल लीग का निघाली हे त्याशिवाय कळत नाही.

फोर्स हा शिकागोचा शॉर्टस्टॉप. १८७४ च्या शेवटी त्याने शिकागोशी १८७५ चा करार केला. काही आठवड्यांनी फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सशीही केला. एक माणूस, एक मोसम, दोन सह्या. असोसिएशनच्या समितीने आधी शिकागोच्या बाजूने कौल दिला. पण मार्च १८७५ च्या अधिवेशनात ॲथलेटिक्सचाच माणूस असोसिएशनचा अध्यक्ष झाला, आणि कौल फिरला. फोर्स फिलाडेल्फियाला.

शिकागोचा विल्यम हल्बर्ट हा कोळशाचा व्यापारी. पूर्वेकडचे क्लब संगनमताने आपल्याला लुटतात, हे त्याने यावरून पक्कं धरलं. त्याने तक्रार अर्ज केला नाही, थेट बॉस्टनच्या घरात हात घातला. १८७५ च्या मोसमाच्या मध्यावर स्पॉल्डिंग, बार्न्स, मॅकव्हे आणि डिकन व्हाइट अशा चौघांना १८७६ साठी करारबद्ध केलं. स्पॉल्डिंग इलिनॉयचाच, त्यामुळे 'घरी चल' हा मुद्दा चालला. फिलाडेल्फियातून कॅप ॲन्सन आणि एझ्रा सटन यांनाही घेतलं. सटन फिरला. ॲन्सनच्या होणाऱ्या बायकोला फिलाडेल्फिया सोडायचं नव्हतं, म्हणून तो करारातून सुटायला १००० डॉलर द्यायला तयार होता. हल्बर्टने सोडलं नाही. ॲन्सन पुढे शिकागोकडून बावीस मोसम खेळला!

बातमी जुलैमध्ये फुटली. चौघे बॉस्टनमध्येच, प्रेक्षकांच्या शिव्या खात उरलेला मोसम खेळले आणि अजिंक्यपद मिळवूनच गेले.

अडचण एवढीच, की मोसम चालू असताना दुसऱ्या क्लबाशी करार करणं असोसिएशनच्या नियमात बसत नव्हतं. मार्च १८७६ च्या अधिवेशनात चौघांची हकालपट्टी होऊ शकली असती. मग अधिवेशनापूर्वी असोसिएशनच संपवली तर? पुढच्या चार-पाच महिन्यांत हल्बर्टने नेमकं तेच केलं.

मधली_यष्टी

त्याच्या पायऱ्या बघण्यासारख्या आहेत. आधी सेंट लुई, सिनसिनाटी, लुईव्हिल या पश्चिमेच्या तीन क्लबांना गुपचूप लुईव्हिलमध्ये गोळा केलं आणि पूर्वेशी बोलण्याचे अधिकार मिळवले. मग २ फेब्रुवारी १८७६ ला न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल हॉटेलात पूर्वेच्या चार क्लबांना (बॉस्टन, हार्टफर्ड, न्यूयॉर्क म्युच्युअल्स, ॲथलेटिक्स) बोलावलं आणि तयार घटना समोर ठेवली. शहराची लोकसंख्या किमान ७५ हजार. एका शहरात एकच क्लब. वर्गणी १०० डॉलर. तिकीट ५० सेंट. मैदानावर बाजी नाही, रविवारी सामना नाही. प्रत्येक क्लबाने दुसऱ्या प्रत्येकाशी १० सामने खेळायचे, म्हणजे ७०.

हीच नॅशनल लीग. नाव मुद्दाम 'क्लबांची लीग'. खेळाडू मालक नाहीत, नोकर आहेत, हे पहिल्याच ओळीत.

संचालक चिठ्ठ्या टाकून निवडले. पहिली चिठ्ठी हार्टफर्डच्या मॉर्गन बल्कलीची, म्हणून तो अध्यक्ष. वर्षभरात सोडून गेला. १९३७ साली हॉल ऑफ फेममध्ये बल्कलीला जागा मिळाली, हल्बर्टला मिळायला १९९५ उजाडलं.

गडी_बाद

हल्बर्टला इतकं डोक्यावर घेऊ नका. दोन करारांवर सही केली म्हणून फोर्सच्या नावाने बोंब मारणारा हा माणूस, आणि स्वतः मोसम चालू असताना चार जण फोडतो. 'शिस्त' हा शब्द त्याने चोरी कायदेशीर करायला वापरला.

शॉर्टस्टॉप_सोलापूर

मान्य, पण शिस्तीची पहिली पावती त्याने मोठ्या शहरांवरच फाडली, हेही बघा. १८७६ च्या शेवटी म्युच्युअल्स आणि ॲथलेटिक्स यांनी पश्चिमेचा शेवटचा दौरा टाळला. जुन्या असोसिएशनमध्ये हे खपलं असतं. डिसेंबर १८७६ च्या बैठकीत दोघांनाही काढलं. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया, देशातल्या सर्वात मोठ्या दोन बाजारपेठा, पुढची सहा वर्षं लीगमध्ये नव्हत्या. केवळ ढोंग असतं तर इतका तोटा कुणी घेत नाही. त्याच बैठकीत हल्बर्ट स्वतः अध्यक्ष झाला.

हिशेबनीस

त्याच हिवाळ्यातला एक नियमबदल सुटतोय. तोवर बॉल आधी मैदानात टप्पा पडून नंतर रेषेबाहेर वळला तरी 'फेअर' धरत. रॉस बार्न्स त्यात वाकबगार: बॅट तिरपी मारून बॉल घरच्या बेससमोर आपटायचा, तो फिरत थर्ड बेसच्या बाहेर जायचा, आणि फील्डर पोचेपर्यंत हा पळून जायचा. १८७६ मध्ये सरासरी .४२९, ६६ सामन्यांत १२६ रन. १८७७ पासून असा बॉल फाउल. बार्न्सची सरासरी .२७२.

बरेच जण इथेच थांबतात: नियम बदलला, बार्न्स संपला. पण १८७७ मध्ये तो फक्त २२ सामने खेळला, कारण तापाने आजारी होता. क्लबाने त्या काळाचा पगार कापला, त्याने दावा लावला आणि हरला. २२ सामन्यांच्या सरासरीवरून नियमाचा परिणाम मोजणं कच्चं काम आहे.

डिकन व्हाइट? एक वर्ष शिकागोत काढून १८७७ ला बॉस्टनला परत, .३८७ मारून बॉस्टनला अजिंक्यपद. करार एका वर्षाचा होता, वर्ष संपलं, गेला. तेव्हा हे शक्य होतं.

जुनी_जत्रा

१८७७ चा शेवट थोडक्यात. लुईव्हिल आघाडीवर असताना अचानक हरायला लागलं. पैसे घेऊन हरल्याचा संशय आला, खेळाडूंच्या तारांची (टेलिग्रामची) तपासणी झाली, आणि पिचर जिम डेव्हलिन, जॉर्ज हॉल, अल निकोल्स, बिल क्रेव्हर हे चौघे कायमचे हद्दपार. क्रेव्हरवर पैसे घेतल्याचं सिद्ध झालं नाही, त्याने तारा दाखवायला नकार दिला म्हणून गेला. सेंट लुईने डेव्हलिन आणि हॉल यांना १८७८ साठी आधीच घेऊन ठेवलं होतं, त्यामुळे तिथलीही बांधणी कोसळली. हिवाळा संपेपर्यंत लुईव्हिल, सेंट लुई, हार्टफर्ड तिन्ही लीगबाहेर.

मधली_यष्टी

आता मुख्य गोष्ट. १८७९ च्या मोसमाआधी जॉर्ज राइट आणि जिम ओ'रूर्क बॉस्टन सोडून प्रॉव्हिडन्सला गेले, आणि प्रॉव्हिडन्स अजिंक्य ठरलं. बॉस्टनचा मालक आर्थर सोडन चिडला. बहुतेक क्लब तोट्यात होते आणि खर्चाचा मोठा वाटा पगार. २९-३० सप्टेंबर १८७९ ला बफेलोत मालकांनी गुपचूप ठरवलं: प्रत्येक क्लबाने पाच नावं द्यायची, त्यांच्याशी दुसऱ्या कुणी बोलणी करायची नाहीत. आणि कुणी करार केलाच, तर त्या क्लबाशी बाकीच्यांनी खेळायचं नाही.

ही राखीव यादी. सुरुवातीला ती कुणाच्याही करारात लिहिलेली नव्हती, हे महत्त्वाचं. तो मालकांचा आपसातला समझोता होता. काही खेळाडूंना तर पाचात नाव येणं मानाचं वाटलं, पुढच्या वर्षीची नोकरी पक्की! पण १८८३ मध्ये पाचाचे अकरा झाले, १८८७ मध्ये चौदा. संघात माणसं साधारण तेवढीच. म्हणजे सगळेच राखीव.

रविवार_दुपार

आयपीएलमध्ये खेळाडू राखतात तसंच ना हे?

गडी_बाद

नाही. तिथे राखण्याला मर्यादा आहे, मुदत आहे, आणि न राखलेला माणूस लिलावात जातो, त्याची किंमत चार जण लावतात. इथे यादीतून नाव कधी काढायचं हे फक्त क्लब ठरवणार. क्लब सांगेल तो पगार घ्या नाहीतर घरी बसा. १८८३ मध्ये बफेलोचा चार्ली फोली आजारी पडला. क्लबाने पगार बंद केला, आणि पुढच्या वर्षासाठी यादीत नाव मात्र ठेवलं. पगार नाही आणि सुटकाही नाही.

शॉर्टस्टॉप_सोलापूर

यादीला तीन बाजूंनी धडका बसल्या. नोव्हेंबर १८८१ मध्ये सिनसिनाटीत अमेरिकन असोसिएशन निघाली: २५ सेंट तिकीट, बिअर, रविवारी सामने. बिअर विकण्यावरून आणि रविवारी मैदान भाड्याने देण्यावरून सिनसिनाटीला नॅशनल लीगने १८८० मध्येच काढलं होतं. १८८२ मध्ये पिट्सबर्गच्या ॲलेगनी क्लबाने डेट्रॉइटचा कॅचर चार्ली बेनेट याला १०० डॉलर देऊन 'ऑक्टोबरमध्ये करार करीन' असं लिहून घेतलं. ऑक्टोबर आला, बेनेटने नकार दिला, कोर्टानेही सक्ती केली नाही. आगाऊ लिहून घेतलेला कागद कोर्टात टिकेना, मग फेब्रुवारी १८८३ मध्ये दोन्ही लीगनी एकमेकींच्या राखीव याद्या मानायचा तह केला.

१८८४ ची युनियन असोसिएशन लवकर आटोपली. सेंट लुईच्या हेन्री लुकसने याद्या धुडकावल्या, पण सगळे चांगले खेळाडू स्वतःच्याच क्लबात भरले. ९४-१९. इतक्या एकतर्फी लीगला प्रेक्षक कोण येणार? जानेवारी १८८५ च्या बैठकीला दोनच क्लबांचे लोक आले. लुकस तोवर नॅशनल लीगशी जुळवून मोकळा झाला होता.

हिशेबनीस

खेळाडू मिळत नसेल तर क्लबच विकत घ्या, ही युक्ती १८८५ ची. डेट्रॉइटने बफेलो क्लब ७००० डॉलरला घेतला, तो फक्त चौघांसाठी: डॅन ब्रूथर्स, हार्डी रिचर्डसन, जॅक रो आणि डिकन व्हाइट. हो, तोच व्हाइट, दहा वर्षांनी दुसऱ्या चौकडीत. लीगने त्यांना त्या मोसमात डेट्रॉइटकडून खेळू दिलं नाही. १८८६ पासून खेळले आणि १८८७ ला डेट्रॉइट अजिंक्य.

नोव्हेंबर १८८६ मध्ये सेंट लुईने ह्यू निकोल सिनसिनाटीला देऊन जॅक बॉइल आणि वर ३५० डॉलर घेतले. राखीव खेळाडूंची पहिली अदलाबदल म्हणून सहसा हीच सांगतात.

मग १४ फेब्रुवारी १८८७. शिकागोने किंग केलीला बॉस्टनला विकलं, १०,००० डॉलर. आकडे नीट बघा. दहा हजार गेले शिकागो क्लबाला (स्पॉल्डिंग तोवर त्याचा अध्यक्ष झाला होता), केलीला त्यातला छदाम नाही. पगारावर लीगची कमाल मर्यादा २००० डॉलर. मग बॉस्टनने २००० पगार दाखवला आणि ३००० 'फोटो वापरायचे' म्हणून दिले. मर्यादा मोडली नाही, केलीला पाच हजार मिळाले. पुढच्या वर्षी शिकागोचा पिचर जॉन क्लार्कसनही तितक्याच किमतीला बॉस्टनला गेला. मालकांनीच केलेली मर्यादा मालकांनीच मोडल्याचं यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

इशारा: १८८७ च्या सरासऱ्या तशाच्या तशा वापरू नका. त्या एका वर्षी वॉक (खराब बॉल जास्त पडल्यावर फुकट मिळणारा पहिला बेस) हा हिट धरला जाई, शिवाय बाद व्हायला चार स्ट्राइक लागत. टिप ओ'नीलची .४९२ वॉक वगळून .४३५ होते. नव्या तक्त्यात .४३५ दिसेल, जुन्या वृत्तपत्रात .४९२.

मधली_यष्टी

१८८५ च्या ऑक्टोबरमध्येच न्यूयॉर्क जायंट्सच्या नऊ जणांनी जॉन माँटगोमरी वॉर्डच्या पुढाकाराने 'ब्रदरहुड' ही खेळाडूंची संघटना काढली होती. वॉर्ड शॉर्टस्टॉप आणि कोलंबिया विद्यापीठातून कायदा शिकलेला. मालकांनी डाव साधला १८८८ च्या हिवाळ्यात. स्पॉल्डिंग दोन संघ घेऊन जगाच्या दौऱ्यावर निघाला, वॉर्ड त्यात. बोट ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर असताना लीगने खेळाडूंचे पाच वर्ग पाडले: 'अ' वर्ग २५०० डॉलर, मग प्रत्येकी २५० ने कमी, 'इ' वर्ग १५००. वर्ग ठरवताना मैदानाबाहेरचं वागणंही बघणार.

(अवांतर: दौऱ्यात कलकत्त्याचा बेत होता, तो रद्द झाला. आपल्या बाजूला ते कोलंबोपर्यंत आले, २६ जानेवारी १८८९ ला तिथे सामना झाला, आणि पुढे सुएझमार्गे इजिप्त.)

गडी_बाद

त्याच हिवाळ्यात डेट्रॉइट क्लब मोडला आणि व्हाइट व रो पिट्सबर्गला विकले गेले. दोघांनी बफेलोच्या छोट्या लीगमधल्या क्लबात स्वतःचे पैसे घातले होते आणि तिथेच खेळायचं होतं. राखीव हक्क पिट्सबर्गकडे, म्हणून मिळालं नाही. शेवटी पिट्सबर्गलाच जावं लागलं. १८७७ मध्ये मर्जीने बॉस्टनला परतलेला हाच माणूस. दहा-बारा वर्षांत काय बदललं ते यात दिसतं. १८९० ला ब्रदरहुडच्या खेळाडूंनी स्वतःची प्लेयर्स लीग काढल्यावर दोघे पहिल्या फटक्यात बफेलोला गेले.

शॉर्टस्टॉप_सोलापूर

प्लेयर्स लीगचा कायदेशीर भाग. न्यूयॉर्क क्लबाने वॉर्डला तिकडे जाण्यापासून अडवायला मनाई हुकूम मागितला. जानेवारी १८९० मध्ये न्यायमूर्ती ओब्रायन यांनी तो नाकारला. कारण साधं: क्लब दहा दिवसांची नोटीस देऊन खेळाडूला काढू शकतो, खेळाडू मात्र वर्षानुवर्षं बांधलेला, आणि पुढच्या वर्षीचा पगार काय हेही करारात नाही. असा एकतर्फी, अर्धवट करार कोर्ट राबवणार नाही.

म्हणजे खेळाडू कोर्टात जिंकले. मोसमात गर्दीही प्लेयर्स लीगलाच जास्त. पण तीन लीग एकाच वेळी, एकाच शहरात, बऱ्याचदा एकाच दिवशी. तिघींना तोटा. पैसे गुंतवणारे खेळाडू नव्हते, व्यापारी होते. १८९० च्या शरद ऋतूत स्पॉल्डिंगने त्यांना एकेकटं गाठून तडजोडी केल्या, खेळाडूंना खोलीबाहेर ठेवून. एका मोसमात लीग संपली.

रविवार_दुपार

मग परत आलेले खेळाडू कुणाचे?

हिशेबनीस

ठरलं असं, की १८८९ मध्ये ज्याचे होते त्याचे, फक्त राखीव यादीत नाव द्यायचं. फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सने (अमेरिकन असोसिएशनवाल्या) सेकंड बेसचा लू बिअरबावर आणि आउटफिल्डर हॅरी स्टोव्ही यांची नावं द्यायचीच राहून गेली. स्टोव्ही बॉस्टनने घेतला, बिअरबावर पिट्सबर्गने. त्याची सही घ्यायला पिट्सबर्गचा नेड हॅनलन गोठलेला उपसागर ओलांडून ईरीजवळच्या प्रेस्क आइल द्वीपकल्पावर गेला, असं सांगतात. असोसिएशनने आक्षेप घेतला. लवाद मंडळाने यादी बघितली, नाव नव्हतं, निकाल पिट्सबर्गच्या बाजूने. असोसिएशनवाल्यांनी याला चाचेगिरी म्हटलं, आणि पिट्सबर्ग पायरेट्स हे नाव त्यातून चिकटलं.

चिडून फेब्रुवारी १८९१ मध्ये असोसिएशन तहातून बाहेर पडली, वर्षभर पुन्हा पळवापळवी झाली, आणि डिसेंबर १८९१ मध्ये ती बंद पडली. सेंट लुई, लुईव्हिल, बाल्टिमोर, वॉशिंग्टन हे चार क्लब नॅशनल लीगने आत घेतले, एकूण बारा. १८९२ पासून मेजर लीग एकच उरली. खेळाडूला जायला दुसरं दार नव्हतं, आणि मालकांनी तो मोसम चालू असतानाच पगार कापायला घेतले.